८१४ आणि २६४ : टक्के कशाचे?

बेळगाव-निपाणी भागात सीमाप्रश्नाचा विषय निघाला की दोन आकडे हमखास कानावर येतात. महाराष्ट्रानं मागितलेली गावं ८१४. महाजन आयोगानं ऑगस्ट १९६७ च्या अहवालात महाराष्ट्राला द्यावीत म्हणून सुचवलेली २६४. त्यांत निपाणी आणि खानापूर होतं, बेळगाव शहर नव्हतं.

फरक ५५० गावांचा. आता टक्के काढू. मागणीपासून सुरुवात केली तर मूळ आकडा ८१४. ५५० ला ८१४ नं भागून १०० नं गुणलं की सुमारे ६७.६ टक्के घट येते. उलट शिफारशीपासून सुरुवात केली तर मूळ आकडा २६४, आणि मागणी तिच्यापेक्षा सुमारे २०८.३ टक्क्यांनी जास्त ठरते. गावं तीच, टक्के मात्र तिपटीहून अधिक! यात खोटं कुणीच बोललेलं नाही बघा. भागायचा आकडा तेवढा बदलला. म्हणून नियम एकच: ज्या आकड्यापासून निघालो, त्यानंच भागायचं.

आणखी एक गोष्ट. याच अहवालात महाराष्ट्रातली २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावीत असंही होतं. म्हणजे महाराष्ट्राच्या गावांत निव्वळ भर पडली असती ती १७ ची. नुसता २६४ हा आकडा हे सांगत नाही.

महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, कर्नाटकानं तो धरून ठेवला. २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा जुन्या पत्रकात ‘इतके टक्के’ असं दिसलं की मान डोलवण्याआधी विचारा, कशाचे टक्के? कारण त्या प्रत्येक टक्क्यात कुणाचं तरी गाव आहे.