लामारच्या खोऱ्यातून

गार्डिनर (मोंटाना), २१ मे

संपादक महाशय यांस,


शहाद्याहून निघताना आपण मला बजावले होते की, अमेरिकेतल्या उंच इमारती आणि रुंद रस्ते यांची वर्णने वाचून आपल्याकडचे वाचक तृप्त झाले आहेत, तेव्हा या देशाचे मन कशात गुंतले आहे ते दिसेल असे काही लिहून पाठवावे. मुलीच्या बिऱ्हाडी दोन महिने राहूनही ते मला उमगले नव्हते. परंतु गेले चार दिवस यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर सरहद्दीवरील या लहानशा गावी मुक्काम करून, रोज भल्या पहाटे लामार नदीच्या खोऱ्यात जाऊन उभा राहिल्यावर, आपल्या आज्ञेचे पालन होण्याजोगे काही हाती लागले आहे असे वाटते.

राष्ट्रीय उद्यान हा शब्द आपल्याकडे आता रुळला असला तरी ती कल्पना मूळची इथली. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सबंध नंदुरबार जिल्ह्याहून मोठा मुलूख विक्री आणि वसाहत यांतून कायमचा वगळला गेला. हिवाळ्यात या मुलखातले बाकीचे रस्ते मोटारींना बंद असतात. गार्डिनरहून कुक सिटीकडे जाणारा एकच रस्ता बारमाही उघडा राहतो आणि तो लामारच्या खोऱ्यातून जातो. वैशाखात आपल्याकडे उन्हाच्या झळांनी तापीकाठचे शिवार पोळून निघते, त्याच दिवसांत इथे वसंत नुकता उंबऱ्याशी आलेला असतो. डोंगरमाथ्यावर बर्फ, पायथ्याशी कोवळे गवत, आणि पहाटे हात खिशाबाहेर काढवत नाही अशी थंडी.

काल सकाळी नदीच्या पुळणीवर एक रानगवा मरून पडला होता. आमच्याकडच्या गव्याहून निराळा, मानेवर दाट लोकरीचा भार वाहणारा हा प्राणी. लांबलेल्या हिवाळ्याने खंगून असे अनेक गवे वसंताच्या तोंडावर प्राण सोडतात आणि बिळातून उठलेल्या अस्वलांच्या पोटाची पहिली सोय होते. त्या कलेवरावर एक प्रचंड ग्रिझली अस्वल, एखादा वतनदार आपल्या वतनावर बसावा तसे पाय रोवून बसले होते. खांद्यांमधला उंचवटा आणि उन्हात रुपेरी दिसणारी केसांची टोके दुर्बिणीतून स्पष्ट ओळखू येत होती. पन्नास पावलांवर चार लांडगे बसले होते, दोन करडे आणि दोन काळेकुळकुळीत. इथले जवळजवळ निम्मे लांडगे काळे असतात, हे मला नवीन होते. एक लांडगा उठून अस्वलाच्या पाठीमागे जाई, अस्वल गर्रकन वळे, तेवढ्यात दुसरा पुढून एखादा तुकडा लांबवी; आणि हा व्यवहार, कोणालाही जखम न होता, दोन तास चालला. जिभल्या चाटीत जी करडी लांडगीण मधूनच डोंगराकडे निघून जात होती, तिची पिले वरच्या गुहेत असावीत, असे माझ्या शेजारच्या गृहस्थांनी सांगितले. कारण इथे पिलांचा जन्म एप्रिलच्या मध्यास होतो आणि त्या दिवसांत आईची सारी धाव गुहेकडे असते.

हे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. गेली वीस वर्षे ते दर वसंतात इथे येतात. तिपाईवर बसवलेली आपली मोठी दुर्बीण त्यांनी न मागता माझ्या डोळ्यांशी आणून दिली, आणि मी पाहत असताना स्वतः एका वहीत वेळ, ठिकाण, जनावरांची संख्या आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. रस्त्याच्या कडेला असे तीसचाळीस लोक होते. पण आवाज म्हणाल तर तिपाईचा पाय खडकावर टेकल्याचा तेवढा. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान शंभर यार्ड दूर राहावे असा नियम आहे. एक तरुण फोटोच्या ओढीने उतारावरून खाली सरकू लागला तेव्हा वनरक्षक येण्याआधीच बाजूच्या दोन वृद्ध बायांनी त्याला मागे बोलावले. एका जनावराकडे तास तास नुसते पाहत राहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे हे ज्या समाजात पोराटोरांपासून पेन्शनरांपर्यंत प्रतिष्ठेचे काम मानले जाते, त्या समाजाविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला.

परंतु या आदराला एक जुने ओझे चिकटलेले आहे आणि ते इथले लोक लपवीत नाहीत. मोंटानाने १८८४ साली लांडग्याच्या कातड्यावर सरकारी बक्षीस लावले; पुढे उद्यानाच्या हद्दीतही लांडगा हा गुन्हेगार ठरवून सरकारी नोकरांनीच त्याची शिकार केली, आणि १९२६ साली अखेरची दोन पिले मारली गेली. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे या खोऱ्यात लांडग्याचे ठाणे उरले नव्हते. जे एका हुकमाने गेले ते परत आणण्यास केवढा खटाटोप लागला, त्याची हकीकत मला विशेष बोधप्रद वाटली. १९७३च्या कायद्याने लांडग्यास संरक्षण मिळाले. त्यानंतर वीस वर्षे अहवाल, सभा आणि वादविवाद चालले. सरकारने हरकती व सूचना मागविल्या तेव्हा दीड लाखाहून अधिक अभिप्राय आले. आणि १२ जानेवारी १९९५ रोजी कॅनडातील अल्बर्टा प्रांतातून पिंजऱ्यांत घातलेले लांडगे, याच गार्डिनरच्या दगडी कमानीखालून, उद्यानात प्रविष्ट झाले. त्या वर्षी चौदा आणि पुढील वर्षी ब्रिटिश कोलंबियातून सतरा, असे एकतीस. पशुपालकांनी दावा लावला, १९९७ साली न्यायाधीशांनी हे लांडगे हटविण्याचा निकालही दिला, पण अपिलात २००० साली तो फिरला. आज उद्यानात शंभराच्या आसपास लांडगे आहेत. त्यांच्या येण्याने हरणांची बेसुमार संख्या घटली आणि काही ओढ्यांकाठी वाळुंजाची झाडे पुन्हा वाढली. त्याचे श्रेय किती लांडग्याचे आणि किती अस्वलाचे, पावसाचे वा माणसाच्या बंदुकीचे, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत, आणि ते मतभेद इथल्या सामान्य प्रेक्षकासही ठाऊक असतात.

अस्वलांची कथाही अशीच. पूर्वी हॉटेलांचा कचरा ज्या खड्ड्यांत टाकीत, तिथे बाके मांडून लोकांना अस्वले दाखविली जात. १९७०च्या सुमारास ते उकिरडे बंद झाले, कचऱ्याला सोकावलेली कित्येक अस्वले त्या संक्रमणात मारली गेली, आणि १९७५ साली ग्रिझलीला संरक्षित यादीत घालावे लागले. तरीही उद्यानाची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. २००६ साली जन्मलेली, ‘ओ-सिक्स’ या नावाने ओळखली जाणारी एक लांडगीण हजारो लोकांनी याच रस्त्यावरून पाहिली होती; २०१२च्या डिसेंबरात ती हद्दीबाहेर वायोमिंगमध्ये गेली आणि परवानाधारक शिकाऱ्याने तिला रीतसर मारले. टपालवाले गृहस्थ तिची आठवण सांगताना थांबले आणि त्यांनी वही मिटली.

संपादक महाशय, मी अस्वल पहिल्यांदा पाहिले ते या देशात नव्हे. वडील अक्राणी महालात शिक्षक असताना चैत्रातल्या एका पहाटे मी पावरा मुलांबरोबर महू वेचायला गेलो होतो. रात्रभर गळून पडलेली ती पिवळसर, रसाळ फुले टोपलीत भरीत असता समोरच्या झाडाखाली काळा धोंडा हलल्यासारखा वाटला आणि नाकाने हवा ओढल्याचा भात्यासारखा आवाज आला. ती अस्वलाची मादी होती आणि तिच्या पाठीवर दोन पिले होती. पिलांना पाठीवर वाहून नेणे ही आपल्या अस्वलाचीच रीत. ग्रिझलीची पिले आईमागून धावत जातात. आम्ही टोपल्या तिथेच ठेवून माघार घेतली. त्या पाड्यावर एक म्हातारे होते, ज्यांच्या गालाचा अर्धा भाग तारुण्यात अस्वलाने ओरबाडून नेला होता. आणि तेच म्हातारे आम्हाला समजावीत की, महू जसा आपला तसा तिचाही, उजाडेपर्यंत तिची पाळी.

यलोस्टोनात असे शेजारी मला कुठे भेटले नाहीत, कारण ते उरलेलेच नाहीत. शोशोनी जमातीतले तुकुदिका लोक या डोंगरांत रानमेंढ्यांच्या शिकारीवर जगत, त्या मेंढ्यांची शिंगे गरम झऱ्यांच्या पाण्यात मऊ करून धनुष्ये बनवीत. उद्यान झाल्यावर काही वर्षांतच त्यांची रवानगी दूरच्या राखीव वस्त्यांत झाली, आणि हे लोक गरम झऱ्यांना भिऊन इकडे फिरकतच नसत अशी खोटी कथा अधिकाऱ्यांनी पसरविली. निर्मनुष्य अरण्य ही निसर्गाची देणगी नव्हे, ती एक कारवाई होती; सातपुड्यातल्या आपल्या भिल्ल-पावरा बांधवांनी २००६च्या वनहक्क कायद्याआधी आणि नंतरही कागदांची जी पायपीट केली, ती पाहिलेल्या माणसाला हे इथे उभे राहताना विसरता येत नाही. तोरणमाळच्या संवर्धन राखीव क्षेत्राची आखणी करणाऱ्यांनी यलोस्टोनकडून पुष्कळ घ्यावे, पण हे घेऊ नये.

लांडग्याचे तर आमच्याकडे कोणी नावही घेत नाही. इंग्रजी अमलात त्याच्या शिरावरही बक्षीस असे. तरी तो उरला, कोणी त्याला पिंजऱ्यातून परत आणावे न लागता उरला, आणि तो ठेलारी मेंढपाळांच्या सहनशीलतेवर उरला, जे रात्री मेंढ्यांभोवती वाघर लावून, कुत्री बांधून जागत बसतात, आणि एखादे कोकरू गेलेच तर सकाळी पुढचा मुक्काम गाठतात. लांडग्याच्या अतिप्राचीन वंशांपैकी एक असलेला हा आपला लहानखोर, भुरका लांडगा सबंध भारतात सुमारे तीन हजारच आहे. त्याचे घर अरण्य नव्हे, माळरान. आणि माळरान म्हणजे महसुली दफ्तरात पडीक. ज्या जमिनीच्या उताऱ्यावर पडीक असे लिहिलेले असते, तिच्यावर कारखाना, खाण वा रोपवन आले तर कोणाचे काही हिरावले अशी नोंद कुठेच होत नाही. लामारचे खोरे आमच्या एखाद्या तलाठ्याने मोजले असते तर तेही पडीकच ठरते: ना पीक, ना दाट झाडी, नुसते गवत.

आज सायंकाळी अखेरचे जाऊन आलो. गव्याचे कलेवर जवळजवळ संपले होते. बरगड्यांच्या कमानीवर कावळे होते आणि अस्वलाचा पत्ता नव्हता. टपालवाल्या गृहस्थांनी मला त्यांच्या वहीतले एक कोरे पान फाडून दिले आणि आमच्याकडे कोणती जनावरे आहेत ती लिहा म्हणाले. मी अस्वल, लांडगा, बिबट्या, तरस, कोल्हा अशी नावे लिहिली. त्यांनी पेन्सिलीने समोर एक रकाना आखला आणि तुम्ही शेवटचे केव्हा पाहिले, तारीख घाला, असे सुचविले. बिबट्यापुढे मला तारीख आठवली. बाकी रकाना रिकामा ठेवून तो कागद मी खिशात घातला आहे, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत आल्यावर तो आपल्याला दाखवीन. अक्राणीकडे पुढील चैत्रात महू गळू लागेल तेव्हा माझ्याबरोबर येण्यास आपल्याला सवड होईल का, हे कळवावे.

आपला,
एक शहादेकर