टॅबची शहाणीव

फाइलच्या नावाची दोन अक्षरं लिहायची, टॅब मारायचा, उरलेलं नाव शेल लिहितो. टर्मिनलवर बसणाऱ्यांच्या बोटांत हे इतकं मुरलंय की त्यामागे कुणी खपलं असेल असं वाटतही नाही. मूळ कल्पना बीबीएन या अमेरिकी कंपनीच्या टेनेक्स सिस्टिमची. तिथे एस्केप दाबून अर्धी कमांड पुरी व्हायची. कार्नेगी मेलन विद्यापीठात केन ग्रीअर यांनी १९७५ मध्ये तशी सोय लिहायला घेतली. १९८१ मध्ये ती सी शेलमध्ये मिसळली आणि टीसीएसएच तयार झाला.

पण पुढची अनेक वर्षं टॅबला मुख्यतः फाइलींचीच ओळख होती. बॅश हा शेल १९८९ मध्ये आला, तरी एखाद्या कमांडला पुढे कोणते शब्द चालतात हे त्याला शिकवायची सोय व्हायला २००० साल आणि २.०४ आवृत्ती उजाडली. मग इयन मॅकडोनाल्ड यांनी नेहमीच्या कमांडसाठी अशा स्क्रिप्टांचा संग्रह सुरू केला. माझ्या मते खरी उडी २००६ ची, शॉन पिअर्स यांनी कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टची. ब्रँचची नावं कुठल्या ठरीव यादीत नसतात. ती गिटलाच विचारावी लागतात, आणि तेही टॅब मारल्या क्षणी.

मांडणी तशी सोपी. समजा वसई-विरारमधल्या कुणी लोकलच्या वेळा दाखवणारं टूल लिहिलं आणि त्याला नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार ही चार नावं दिली. ‘कम्प्लीट’ कमांडने टूलच्या नावाशी एक फंक्शन बांधायचं. टॅब मारला की बॅश त्याला आतापर्यंतचे शब्द देतो, फंक्शन जुळणारी नावं परत करतं. ‘न’ लिहून टॅब मारला तर ‘ना’पर्यंत मजल जाते आणि गाडी थांबते, दोन्ही नावांचा समाईक भाग तेवढाच. ‘व’ला मात्र काहीच वाढत नाही, दुसऱ्या टॅबला वसई रोड आणि विरार दोन्ही समोर येतात. हे फंक्शन दर टॅबला धावतं, म्हणून ही नावं इंटरनेटवरून मागवणं म्हणजे स्वतःच्याच वाटेत फाटक बसवणं.

झेडशेलने पर्यायांसोबत त्यांचे अर्थही दाखवले; २००५ मध्ये आलेला फिश तर पुढे मॅन्युअलची पानं वाचून पर्याय काढू लागला. २०१९ पासून मॅकवर झेडशेल आपसूक मिळतो, आणि सोबतचा बॅश अजून ३.२ वरच, त्यामुळे एका स्क्रिप्टवर भागत नाही. हल्ली ‘गो’ भाषेतली कोब्रा, पायथनमधली क्लिक या लायब्रऱ्या वेगवेगळ्या शेलच्या स्क्रिप्टा टूलकडूनच काढून देतात. हेच बरं. त्रयस्थाने लिहिलेली यादी टूलची नवी आवृत्ती आली की शिळी होते; इथे स्क्रिप्ट जेमतेम निरोप्याचं काम करते आणि उत्तर टूल स्वतः देतं.