माळ्यावरच्या कॅमेऱ्याचे भिंग कसे पारखाल?

तुमच्या घरात माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत एखादा कॅमेरा पडून आहे का? वडिलांचा असेल, फौजेतून परतलेल्या मामांचा असेल. हातात मोबाईल आल्यापासून त्याला कोणी विचारत नाही. एखादे दिवशी भंगारवाला दारात येतो आणि पितळी भांड्यांबरोबर तोही तराजूत जातो. तसे करण्याआधी दोन दिवस थांबा. कॅमेरा बंद पडलेला असला तरी त्याच्या तोंडावरचे भिंग, म्हणजे लेन्स, जिवंत असू शकते. हल्लीच्या आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर एक साधी रिंग लावली की ते पुन्हा कामाला लागते.

आमच्या थोरल्या काकांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. लग्ने, बारशी, शाळेतले वर्गाचे फोटो, हे त्यांचे काम. त्यांच्याकडे रशियन झेनिट कॅमेरा होता, हातात धरला तर वरवंट्यासारखा जड. त्यांनी एकदा आजीचा फोटो अंगणातल्या कडुलिंबापुढे काढला. आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते, पण मागची पाने तिच्याभोवती गोल फिरल्यासारखी आली. घरात सगळे म्हणाले, फोटो बिघडला. काकांनी मुकाट्याने तिला भिंतीपुढे बसवून दुसरा काढला. तो दुसरा फोटो कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही. कडुलिंबाचा मात्र अजून ओटीवर लटकतो आहे.

काका गेल्यावर मी तो कॅमेरा घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने भिंग क्षणभर उजेडाकडे धरले, "काच गेली" म्हणाला, आणि सांगितलेल्या पैशांत खताचे एक पोतेही आले नसते. मी देऊन मोकळा होणार, तेवढ्यात बरोबरच्या पुतण्याने हात धरला. "काका, आपण घरी नेऊन बघू तरी," म्हणाला. तो नसता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

भिंगाच्या कड्यावर नाव होते हेलिऑस ४४-२. याचे मूळ जर्मन आहे. येना गावच्या झाइस कारखान्याचे बायोटार नावाचे भिंग होते. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियनांनी त्याच आराखड्यावर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क इथे आपले भिंग केले, तेच हेलिऑस. झेनिट-ई हा कॅमेरा १९६५ मध्ये निघाला आणि त्याच्यासोबत ही भिंगे लाखांनी बनली. इतक्या मोठ्या संख्येने बनलेली वस्तू सगळी सारखी उतरत नाही. एका गाईची दोन वासरे सारखी निघत नाहीत, तसेच. म्हणून नाव वाचून भाव ठरवू नका. हातातला नग पारखा.

पारख दोन गोष्टींची करायची असते, आणि त्या वेगळ्या ठेवायच्या. एक भिंगाची धार, म्हणजे बारीक रेघ किती स्वच्छ उमटते ते. दुसरा त्याचा स्वभाव, म्हणजे ते उजेड, रंग आणि मागचा देखावा कसा रंगवते ते. धारेत कमी असलेले भिंग स्वभावाने गोड असू शकते. काकांच्या घरात याच दोन गोष्टींची गल्लत झाली होती.

आधी काच पाहा. अॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाईलची बॅटरी दाखवून तिरक्या नजरेने आत बघा. धुळीचे चार कण दिसतील, त्यांना घाबरू नका. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही फोटोत बहुधा दिसत नाही. मागच्या काचेवरचा मात्र जास्त नडतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे फाटे दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि पावसाळी मुलखात हीच फार. कडेला थोडी असली तर चालते, पण वाढून तिने काचेवरचा लेप खाल्ला तर डाग कायमचा राहतो. दुधावर साय यावी तसा सरसकट धुरकटपणा दिसला तर तो सर्वांत वाईट, कारण तो सगळ्या फोटोवर पसरतो. पण तो कुठे आहे हे आधी शोधा. आमच्या भिंगाची 'गेलेली काच' म्हणजे मागच्या काचेवर बसलेला वर्षानुवर्षांचा धूर होता. माळ्याखालीच चूल! ब्लोअरने धूळ उडवली, भिंगाच्या खास कापडाला दोन थेंब द्रव लावून हलक्या हाताने पुसले, आणि साय गेली. धोतराच्या सोग्याने पुसू नका. त्यातला एक मातीचा कण काचेवर रेघ ओढून जातो. साय आतल्या काचेवर असेल तर ते काम जाणत्या कारागिराचे.

आता धार. यात लोक फसतात ते हात हलल्यामुळे आणि फोकस चुकल्यामुळे, आणि दोष मात्र भिंगाच्या माथी मारतात. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवा. तिवई नसेल तर धान्याच्या पोत्यावर ठेवा. दोन सेकंदांचा टायमर लावा. कॅमेऱ्याला हे जुने भिंग ओळखता येत नाही, म्हणून मेनूत जाऊन 'भिंग नसतानाही फोटो घे' अशी परवानगी द्यावी लागते. मग पडद्यावरचे चित्र मोठे करून फोकसचे कडे हाताने फिरवा.

समोर काय ठेवाल? पुष्कळ जण भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवतात. ते ठीक आहे, पण भिंत आणि कॅमेरा काटेकोर समांतर हवेत, नाहीतर एक कड उगाच धूसर येते. शिवाय जुन्या भिंगांची फोकसची पातळी पुष्कळदा सपाट नसते, ताटलीसारखी वाकलेली असते. मध्यावर फोकस केला की कोपरे आपोआप बिघडतात. म्हणून मला दूरची खूण बरी वाटते. विजेचा खांब आणि त्याच्या तारा, देवळाचा कळस, टेकडीवरचे एकटे झाड. ती आधी चित्राच्या मध्ये घ्या, मग चारही कोपऱ्यांत एकेकदा घ्या, आणि दर वेळी फोकस नव्याने करा.

प्रत्येक जागी अॅपर्चर बदलून फोटो घ्या. आमच्या भिंगावर ते २ पासून १६ पर्यंत आहे. २ वर ते पूर्ण उघडे असते. अशा वेळी मध्याचा फोटो मोठा करून पाहिला तर रेघ आहे, पण तिच्यावर पातळ धुके आहे, असे दिसेल. हे धुके आणि फोकस चुकल्याचा गढूळपणा वेगळे ओळखायला शिका. धुक्याखाली रेघ शाबूत असते, गढूळपणात रेघच नसते. अॅपर्चर ४ वर आणले की काचेच्या कडेचा उजेड अडतो आणि धुके विरते. ५.६ आणि ८ वर काकांचे भिंग असे निघाले की खांबावरच्या तारा मोजून घ्याव्यात. १६ वर पुन्हा थोडे मऊ झाले. तो काही या नगाचा दोष नाही. भोक फार लहान झाले की उजेड त्याच्या कडेला पसरतो, हे नव्या भिंगातही होते.

चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो भिंगाचा घाट आहे असे समजा. तीन बरे आणि एकच वाईट असेल तर संशय घ्या. आतली एखादी काच वाकडी बसलेली असते, बहुतेक वेळा कोणी तरी उघडून पुन्हा जुळवताना. पुतण्याने हौसेने विकत आणलेले दुसरे हेलिऑस आरशासारखे लखलखीत होते, आणि उजवा वरचा कोपरा ८ वरही चिखल! बहुधा विक्रीसाठी उघडून धुतले असावे. आमच्या धुराने माखलेल्या भिंगाला कोणी हात लावलेला नव्हता, तेच त्याचे भाग्य.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या फिल्मचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे असे. पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर त्याहून लहान असतो. तो भिंगाच्या कडा कापून टाकतो, त्यामुळे कोपऱ्यांचे दोष झाकले जातात आणि भिंग आहे त्याहून शहाणे दिसते.

फोटो फिका, पांढुरका आला म्हणून 'धार नाही' असा निकाल देऊ नका. त्या काळच्या काचेवरचा लेप साधा, पातळ. बाजूने ऊन आले की आत चकाकी पसरते. भिंगाच्या वर हाताची सावली धरा आणि तोच फोटो पुन्हा घ्या. काळे रंग परत काळे झाले तर भिंग चांगले आहे, त्याला फक्त पुढे हूड हवे.

राहिला स्वभाव. हे काम दुपारच्या कडक उन्हात करू नका, सकाळी करा. घरातल्या कोणाला तरी दीड-दोन मीटरवर उभे करा. मागे चार-सहा मीटरवर ज्यातून आभाळाचे कवडसे दिसतात असे झाड हवे. अॅपर्चर २ वर. मध्याजवळचे कवडसे गोल येतील. कडेकडे जाल तसतसे ते बदामासारखे चपटे होतील, कारण तिरका येणारा उजेड भिंगाच्या नळीने कापला जातो. सगळे बदाम मध्याभोवती रांगेत बसतात आणि डोळ्याला वाटते, झाड फिरते आहे. आजीच्या फोटोत झाले ते हेच. भिंगात बिघाड नव्हता. काका एरवी स्टुडिओत पडद्यापुढे फोटो काढायचे, तिथे फिरायला मागे पानेच नसत. आज अशा फिरत्या पानांसाठी हौशी लोक मुद्दाम हेलिऑस शोधत हिंडतात.

स्वभाव रंगातही असतो. पेंटॅक्सच्या ताकुमार जातीतल्या ५० मिलिमीटर १.४ च्या काही भिंगांत थोरियम मिसळलेली काच आहे. ती वर्षे गेली की चहासारखी पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असते, म्हणून अशी काच फोडू किंवा घासू नका. आणि उन्हात ठेवाल तर मागचे झाकण लावून ओट्यावर ठेवा. भिंगातून ऊन एका जागी गोळा होते, कडब्याची गंजी पेटवायला तेवढे पुरे. त्यातून सूर्याकडे तर कधीच पाहू नका.

पारखून झाल्यावर भिंग पुन्हा चामड्याच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकू नका. चामडे ओल धरते आणि बुरशी तिथेच वाढते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून कडी फिरवणे, एवढे पुरते. आमचे भिंग आता पुतण्याकडे असते. मागच्या दिवाळीत त्याने माझ्या आईला शेवग्यापुढे उभे केले. आई पडदा पाहून म्हणाली, "अरे, हे झाड का गरगरतंय? नीट काढ की." त्याने नीटही काढला, भिंतीपुढे.