सिरोंच्याला जाणारा रस्ता: राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी कुठून येतो, कुठे जातो आणि का अडतो

सिरोंचा महाराष्ट्रात आहे, गडचिरोली जिल्ह्यात आहे. पण सिरोंच्याहून चंद्रपूरला यायचं झालं, की गाडीवाला आधी विचारतो, "इकडून की तिकडून?" इकडून म्हणजे आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरीमार्गे. तिकडून म्हणजे प्राणहिता ओलांडून तेलंगणात शिरायचं, चेन्नूर, मंचेरियाल, आसिफाबाद करत राजुऱ्याला परत महाराष्ट्रात यायचं. आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्याची कंबर मोडली म्हणून लोक परराज्यातून फेरा मारून घरी येतात. वली हैदर शाह बाबांच्या उर्साला विदर्भातून जाणाऱ्या आपल्या अनेक बांधवांना हा प्रश्न ठाऊक आहे. म्हणून या रस्त्याची माहिती एकदा नीट मांडावी असं आम्हाला वाटलं.

आधी नंबराचं कोडं सोडवू. २०१० मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या महामार्गांना नवे क्रमांक दिले. त्यात उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आकडे आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे मिळाले. नागपूर, भंडारा, साकोली, रायपूर असा जाणारा जुना ६ नंबरचा महामार्ग आपल्या भागात ५३ झाला. तीन आकडी क्रमांक असला की ती फांदी समजायची, आणि शेवटचे दोन आकडे बुंधा कोणता ते सांगतात. म्हणजे ३५३ ही ५३ ची फांदी, आणि 'सी' हे त्या फांदीचं आणखी एक डहाळं. चंद्रपूरहून मूल, सावली, गडचिरोली, धानोरा करत छत्तीसगडमध्ये जाणारा रस्ता ९३० आहे, कारण तो तिकडे ३० नंबरच्या रायपूर-जगदलपूर रस्त्याला मिळतो. नंबर वाचता आला की नकाशा अर्धा कळतो.

३५३ सी भंडारा जिल्ह्यात साकोलीला सुरू होतो. लाखांदूरवरून वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदिया-बल्लारपूर रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. तिथून गडचिरोलीपर्यंत नेण्याची लाइन होईल तेव्हा होईल, पण आजवर वडशाच्या पुढे जिल्ह्याचा सगळा भार रस्त्यावरच राहिला आहे. पुढे आरमोरी, कोशाच्या कापडाचं गाव. नागपूर, उमरेड, ब्रह्मपुरीकडून येणारा ३५३ डी इथेच येऊन मिळतो. आरमोरीजवळच वैरागड आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा आणि चांद्याच्या गोंड राजाचा उल्लेख आहे. ज्या मुलखाला आज 'मागास' म्हणून हिणवतात, त्याची नोंद घेणं अकबराच्या दरबाराला गरजेचं वाटलं होतं. एवढं आमच्या वाचकांच्या कानावर घालून पुढे जाऊ.

आरमोरी ते गडचिरोली आणि गडचिरोली ते चामोर्शी हा पट्टा तसा वाहता. पावसाळ्यात पाल नदी फुगली की नागपूरकडची वाट बंद होते आणि एसटी डेपोत उभ्या राहतात, पण एरवी तक्रार कमी. चामोर्शीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची प्राचीन देवळं आहेत. तिथून आष्टी. आष्टीला वैनगंगेवरचा पूल चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी, कोठारी, बल्लारपूरकडे नेतो. चंद्रपूरकर सिरोंच्याला निघाला की तो या महामार्गाला इथेच लागतो. नदी थोडी खाली गेली की चपराळ्याजवळ वर्धा येऊन वैनगंगेत मिसळते आणि तिथून पुढे नाव पडतं प्राणहिता. रस्ता आणि नदी, दोघंही मग दक्षिणेला सिरोंच्याकडे जातात.

खरं तर या भागात रस्त्याच्या आधी नदीच रस्ता होती.

सिरोंचा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी नागपूरकडे बघत नव्हता, हैदराबादकडे बघत होता. गोदावरीच्या डाव्या तीरावरचा हा मुलूख निजामाचा. १८६० च्या तहात निजामाने तो इंग्रजांना दिला आणि बदल्यात नळदुर्ग, रायचूर दुआब परत घेतले. इंग्रजांनी 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा बनवला आणि त्याचं मुख्यालय केलं सिरोंचाला. आज तालुक्याच्या एका दाखल्यासाठी दोनशे किलोमीटर दूरच्या गडचिरोलीकडे डोळे लावून बसणारं हे गाव एकेकाळी स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण होतं! त्या काळात सर आर्थर कॉटन यांची मोठी योजना होती. गोदावरी, प्राणहिता, वैनगंगा यांतून बोटी चालवायच्या आणि मध्य प्रांतातला कापूस थेट समुद्रापर्यंत न्यायचा. वाटेत खडकांचे तीन अडथळे होते. दुम्मागुडम, इंचमपल्ली आणि वरचा देवलमरीचा. ते फोडायला, कालवे खणायला पैसा ओतला. तोवर रेल्वे आली. १८७१ मध्ये योजना गुंडाळली आणि १८७४ मध्ये जिल्हाही मोडून सिरोंचा तहसील चांद्याला जोडली.

म्हणून सिरोंच्याची बोली आजही मराठी, तेलुगू, दखनी उर्दू अशी मिसळलेली आहे. सोयरिकी वरंगल, करीमनगरकडे. दवाखाना तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे. शासनाचा कागद मात्र इकडे. १९५६ ला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. दर वेळी पाटी बदलली. सिरोंच्याहून निघणारी वाट तीच राहिली.

आणि त्या वाटेने काय गेलं ते पाहिलं की रस्त्याचा स्वभाव कळतो. आलापल्लीचं सागवान गेलं. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबू गेला. दर उन्हाळ्यात तेंदूपत्ता गेला. जंगलातून लाकूड ओढायला वनखात्याने हत्ती पाळले होते. रेपनपल्लीजवळ कमलापूरला राज्याचा एकमेव हत्ती कॅम्प आजही आहे, आता पर्यटक फोटो काढतात. रस्ता आधी मालासाठी झाला, माणूस नंतर त्यावर चढला. आणि या मालाच्या वाटेवर ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजचा मिस्त्री, पंक्चरवाला, ढाब्यावरचा चहावाला यांत आपल्या समाजाची माणसं बरीच. हा महामार्ग अनेक घरांची रोजीरोटी आहे. त्याच्या खड्ड्याची किंमत गाडीच्या पाट्यात आणि माणसाच्या मणक्यात मोजली जाते.

आष्टी ते आलापल्ली या टप्प्यावर सध्या लोहखनिजाचं राज्य आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून निघालेलं खनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टी असं धावू लागलं तसा रस्त्याचा चुराडा झाला. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात लाल चिखल. गावकऱ्यांनी चक्का जाम केले, अपघातांनंतर संताप उसळला. शेवटी सरकारने खनिजासाठी नवेगाव मोर, कोनसरी, मुलचेरा, हेडरी, सुरजागड असा वेगळा मार्ग हाती घेतला. चांगली गोष्ट आहे, जड वाहतूक वस्तीतून निघून जाईल. पण आमच्या मनात एक प्रश्न येतोच. दगडाला स्वतंत्र रस्ता मिळायला जेवढा वेळ लागला, त्याहून कितीतरी जास्त वेळ सिरोंच्याचा माणूस साध्या दुपदरी डांबरासाठी थांबलेला आहे.

आलापल्ली म्हणजे चौफुलीचं गाव. इथून एक फाटा अहेरीला, एक एटापल्लीला, एक भामरागडला. भामरागडच्या वाटेवरची पर्लकोटा नदी दर पावसाळ्यात त्या तालुक्याचा संपर्क तोडते, त्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. चौथा फाटा आपला, सिरोंच्याचा. रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी ही त्यावरची मोठी गावं, बाकी घनदाट जंगल. अंतर साधारण शंभर किलोमीटर. चांगल्या रस्त्यावर दोन तासांचं काम. इथे पावसाळा लागला की चार तास लागोत, पाच लागोत, कुणी हमी देत नाही. बाळंतीण आत असली की ड्रायव्हर खड्डा चुकवायचा की वेळ वाचवायचा, या पेचात पडतो.

असं का? तीन कारणं नेहमी सांगितली जातात.

पहिलं, जंगल. वनजमिनीवर रस्ता रुंद करायचा तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. वनहक्क कायद्यात गावाच्या छोट्या रस्त्यांसाठी सवलत आहे. ग्रामसभेची शिफारस असेल तर एका कामाला एक हेक्टरपर्यंत आणि हेक्टरी ७५ झाडांच्या मर्यादेत जमीन मिळू शकते. पण शंभर किलोमीटरचं रुंदीकरण त्या सवलतीत बसत नाही. प्रस्ताव, मोजणी, झाडांची यादी, पर्यायी वनीकरण, सगळी पायरी चढावी लागते. ही अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. या झाडांवर इथल्या आदिवासींचं जगणं आहे, ती सहज तोडली जाऊ नयेत हेही बरोबरच. मात्र आहे त्या रुंदीतला खड्डा बुजवायला रुंदीकरणाची मंजुरी लागत नाही. 'वनखात्याने अडवलं' हे उत्तर नव्या पदरासाठी चालेल, जुन्या खड्ड्यासाठी नाही.

दुसरं कारण नक्षलवाद. हेही खोटं नव्हतं. १९८० पासून ही चळवळ प्राणहितेपलीकडून इकडे आली आणि रस्त्याला तिने शत्रू मानलं, कारण रस्त्याने पोलीस येतात. कंत्राटदाराची यंत्रं जाळणं नेहमीचं झालं. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली, आणि काही तासांतच, १ मे २०१९ ला, जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. अशा ठिकाणी निविदा भरायला कोण येणार? केंद्राने २००९ मध्ये अशा जिल्ह्यांसाठी खास रस्ते योजना आणली ती यामुळेच. पण काळ बदलला. १ जानेवारी २०२५ ला गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या अतिदुर्गम भागात पहिल्यांदा एसटी धावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. तेव्हा भीतीचं कारण आता फार दिवस पुरणार नाही.

तिसरं कारण पाणी. गोदावरी, प्राणहिता, इंद्रावती अशा तीन नद्यांनी वेढलेला हा तालुका. सिरोंच्याखाली गोदावरीवर तेलंगणाने बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ ला सुरू झाला, आणि जुलै २०२२ च्या महापुरात काठच्या शेतांची, रस्त्यांची काय दशा झाली ते सिरोंच्याचे शेतकरी अजून विसरलेले नाहीत.

पूल हा याच पाण्याचा दुसरा अध्याय. सिरोंच्यातून आडवा जाणारा निजामाबाद-जगदलपूर रस्ता, आजचा ६३ नंबर, पूर्वीचा १६ नंबर, कित्येक वर्षं कागदावर राष्ट्रीय महामार्ग होता. पण सिरोंच्याच्या एका बाजूला प्राणहितेवर पूल नव्हता आणि दुसऱ्या बाजूला इंद्रावतीवरही नव्हता. महामार्ग नदीकाठी येऊन संपायचा, पुढे नाव. उन्हाळ्यात वाळूतून वाट. आता दोन्ही नद्यांवर पूल झाले. ३५३ सी वरचा गोदावरीचा पूल २०१६ च्या अखेरीस खुला झाला आणि सिरोंचा थेट काळेश्वरमला जोडला गेला. तिथून हा महामार्ग महादेवपूर, भूपालपल्ली, परकाल करत वरंगलजवळ आत्मकूरला संपतो. उर्साला तेलंगण, आंध्र, छत्तीसगडचे भाविक येतात ते या पुलांवरून सुखाने येतात. दर्ग्यावर चादर चढवणाऱ्यांत हिंदू, आदिवासी, मुस्लिम सगळे असतात. सर्वांत हाल होतात ते महाराष्ट्राकडून येणाऱ्या जायरीनचे. आपल्या राज्याच्या दर्ग्याला पोहोचायला आपलीच वाट सर्वांत वाईट, ही गोष्ट आम्हाला खटकते.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. जून ते ऑक्टोबर आलापल्लीमार्गे रात्रीचा प्रवास टाळावा. रेपनपल्लीच्या पुढे लांबच लांब पट्ट्यात वस्ती नाही आणि मोबाइलला रेंज कुठे मिळते, कुठे नाही. डिझेल, हवा, स्टेपनी आलापल्लीलाच तपासून घ्यावी. मोठी बस किंवा आजारी माणूस सोबत असेल तर राजुरा, आसिफाबाद, मंचेरियाल, चेन्नूर ही वाट लांब वाटली तरी सोयीची पडते. भाड्याची गाडी असेल तर दुसऱ्या राज्याचा परमिट कर आधी भरून घ्या.

आणि तक्रार कुणाकडे करायची, हे अनेकांना माहीत नसतं. लोक तहसील कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत निवेदन देतात आणि ते तिथेच पडून राहतं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असल्याने राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा 'राष्ट्रीय महामार्ग विभाग' केंद्राच्या वतीने त्याचं काम पाहतो. निवेदन त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावाने द्यावं आणि पोच घ्यावी. खड्डा कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळ आहे ते लिहावं, फोटो जोडावा. पूर्ण झालेल्या पट्ट्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. आलापल्ली-सिरोंचा पट्ट्यातल्या मशीद कमिट्या, ग्रामसभा आणि वाहनचालकांच्या संघटनांनी असे अर्ज एकत्र टाकले तर त्याची प्रत आमच्याकडेही पाठवावी. आलेल्या उत्तरांसह आम्ही ते इथे छापू.