सोमवारची बैठक

बँकेतल्या माझ्या उमेदीच्या काळात शाखेचा दिवस घड्याळावर संपत नसे. तो 'टॅली' झाल्यावर संपत असे. संगणक यायचे होते. काउंटर बंद झाले, की जाडजूड लेजरं उघडून आम्ही बेरजा जुळवायला बसायचो. नऊ रुपयांचा फरक आला, तर कोणीतरी ५४ चे ४५ लिहिले असणार, हे हेडक्लार्कला बसल्या जागी कळायचे. पण ते नेमके कुठे, हे सापडेपर्यंत सगळी शाखा थांबायची. ज्याची चूक नसे तोही थांबायचा. दुसऱ्यांदा चहा यायचा, कोणीतरी नाट्यगीत गुणगुणायचे, आणि साडेसातच्या सुमाराला एकदम "सापडलं!" अशी आरोळी उठायची.

आमचा कॅशियर ह्या थांबण्याला 'रिहर्सल' म्हणायचा. तो राहायला माहीमला, मूळचा गोव्याचा. त्याचे वडील हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत, आणि तो स्वतः लग्नाच्या, नाताळच्या पार्ट्यांत गिटार वाजवी. १९८५ च्या सुमारास त्याने एकदा मला घरी नेऊन एक कॅसेट ऐकवली. एक बाई गात होती, तिच्या सुरात सूर मिळवणाऱ्या आणखी दोन-तीन बायका होत्या, आणि पत्र्यावर पावसाची सर यावी तशा चार-पाच गिटारी धावत होत्या. "किती माणसं असतील, सांग," त्याने विचारले. मी बँकवाल्याच्या सावधपणाने "आठ-दहा" म्हणालो.

"दोन," तो म्हणाला. "नवरा आणि बायको. बाकीचे पण तेच."

नवऱ्याचे नाव लेस पॉल, बायकोचे मेरी फोर्ड आणि गाण्याचे 'हाउ हाय द मून'. १९५१ साली हे गाणे अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ते कुठल्या बड्या स्टुडिओत झाले नव्हते. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्समध्ये, जिथे पुढे भारतीय किराण्याची आणि साड्यांची दुकाने उभी राहिली, तिथल्या एका बिऱ्हाडात ह्या दोघांनी ते ध्वनिमुद्रित केले होते. एकच मेरी स्वतःच्याच आवाजाला साथ करीत होती आणि एकच लेस स्वतःच्या मागे-पुढे वाजवीत होता.

त्या दिवसापासून हे नाव माझ्या डोक्यात राहिले ते राहिलेच.

लेस पॉल १९१५ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावी जन्मला. पोरवयातच रस्त्याकडेच्या एका खाणावळीपुढे तो गिटार वाजवून गायचा. गिटार ऐकू येत नाही अशी तक्रार आली, तेव्हा ह्या पोराने ग्रामोफोनची सुई गिटारीत खुपसून ती रेडिओला जोडली. पुढे त्याच्या ध्यानात आले, की पोकळ गिटारीचा आवाज वाढवला की ती स्वतःच घुमू लागते आणि सूर बिघडतो. तारेखालचे लाकूड भरीव आणि जड असले, तर मात्र तारेचा जोर लाकडात विरत नाही, सूर लांबतो. म्हणून १९४०-४१ च्या सुमारास, न्यू यॉर्कमधल्या एपिफोन कंपनीच्या कारखान्यात, सुट्टीच्या रविवारी जाऊन त्याने चार इंच बाय चार इंचाच्या एका पाइनच्या तुकड्यावर तारा चढवल्या. त्याचे नावही त्याने 'लॉग' म्हणजे 'ओंडका' असेच ठेवले. तो सांगत असे, की तो ओंडका घेऊन एका बारमध्ये वाजवला तेव्हा कोणी मान वर करून पाहिले नाही. मग त्याने त्याला दोन्ही बाजूंनी खऱ्या गिटारीचे अर्धे-अर्धे अंग चिकटवले आणि पुन्हा जाऊन तेच वाजवले. तेव्हा टाळ्या पडल्या. लोक डोळ्यांनी ऐकतात, असे त्याने त्यातून अनुमान काढले. आपल्याकडे मैफलीत पुढच्या रांगेत बसणाऱ्यांविषयीही असे म्हणता येईल. पण ते असो.

गिब्सन कंपनीने आधी ह्या ओंडक्याला हसून वाटेला लावले आणि १९५२ साली त्याच्याच नावाची सोनेरी रंगाची भरीव गिटार बाजारात आणली. तिची घडण किती त्याची आणि किती कंपनीच्या कारागिरांची, हा वाद जुनाच आहे. भरीव गिटारीवर एकटा तोच काम करीत नव्हता. लिओ फेंडर होता, पॉल बिग्सबी होता. एकाच माणसाने स्वतःवर स्वतःला चढवून ध्वनिमुद्रण करण्याचा प्रयोगही १९४१ साली सिडनी बेशे ह्या जॅझवादकाने केला होता. हे सांगायला हवे. खात्यात दुसऱ्याची जमा आपल्या नावावर मांडू नये.

पण बेशेचा एक प्रयोग लेस पॉलने आयुष्यभराचा धंदा केला. हॉलिवूडमधल्या आपल्या गॅरेजमध्ये त्याने तबकड्या कोरण्याचे यंत्र स्वतः बनवले. त्याला कॅडिलॅक मोटारीचे फ्लायव्हील लावले. एका तबकडीवर गिटार मुद्रित करायची, ती वाजवत ठेवून तिच्याबरोबर दुसरी गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यायच्या. मग तिसरी, मग चौथी. १९४८ च्या 'लव्हर'मध्ये अशा आठ गिटारी आहेत. सातव्या थराला बोट चुकले, की आधीचे सगळे टाकून द्यायचे! आमच्या नऊ रुपयांच्या फरकासारखेच. फक्त इथे थांबायला सोबत कोणी नसे.

त्याच वर्षी जानेवारीत ओक्लाहोमामध्ये बर्फावरून त्यांची मोटार पुलाखाली कोसळली. उजव्या हाताचा चुराडा झाला. कोपर पुन्हा वाकणार नाही म्हटल्यावर, निदान गिटार धरता येईल अशा कोनात हात कायमचा बसवून घेतला गेला. त्यातून तो उठला. १९४९ साली बिंग क्रॉस्बी ह्या गायकाने त्याला अँपेक्सचे टेपयंत्र भेट दिले. त्याला एक जादा हेड बसवून लेसने तबकडीवरचा खेळ टेपवर आणला. तरीही जुन्यावर नवे चढायचे ते कायमचेच. मग त्याला सुचले, की प्रत्येक आवाजाला टेपवर स्वतंत्र पट्टा मिळाला तर? आठ आवाज शेजारी-शेजारी, पण वेगळे. अडचण अशी, की टेपयंत्रात मुद्रण करणारे हेड आणि ऐकवणारे हेड यांत थोडे अंतर असते, त्यामुळे नवा सूर मागे पडतो. अँपेक्सच्या रॉस स्नायडर ह्यांनी मुद्रणाच्या हेडमधूनच जुने पट्टे ऐकवण्याची युक्ती काढली, आणि १९५७ साली आठ पट्ट्यांचे ते कपाटाएवढे यंत्र लेस पॉलच्या न्यू जर्सीतल्या घरी पोचले. आज जगात जे गाणे मुद्रित होते, त्यातले बहुतेक ह्याच रीतीने होते: एक-एक पट्टा, एक-एक माणूस, आपापल्या सवडीने.

लेस पॉल ऑगस्ट २००९ मध्ये गेला, ९४ वर्षांचा होऊन. पुढच्या वर्षी शरद ऋतूत मी न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे गेलो होतो. कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याच्या खोलीत गिटार होती आणि तिच्या माथ्यावर 'लेस पॉल' अशी सही होती. "हा भेटला होता का रे तुला?" मी विचारले. त्याला वाटत होते, की ते गिटारीच्या मॉडेलचे नाव आहे. माणूस फार मोठा झाला की त्याचे असे होते. माणूस जातो आणि छाप उरतो.

मग त्यानेच शोधून काढले, की लेस पॉल गेल्यावरही ब्रॉडवेवरच्या 'इरिडियम' ह्या तळघरातल्या क्लबात त्याचे सोमवार चालू आहेत. ह्या सोमवारांचा इतिहास आहे. मेरीशी १९६४ मध्ये घटस्फोट झाला. ती १९७७ मध्ये वारली. १९८० मध्ये लेसच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. घरी आठ पट्ट्यांचे यंत्र, नावावर गिटार, हातांत संधिवात. अशा माणसाने स्वस्थ बसायला हरकत नव्हती. पण १९८४ पासून दर सोमवारी तो एका छोट्या क्लबात वाजवू लागला. १९९६ पासून इरिडियममध्ये. बोटे एकेक करून निकामी होत गेली, तशी उरलेल्या बोटांनी वाजवायला तो नव्याने शिकला. मृत्यूच्या वर्षापर्यंत हे चालले. समोर बसलेल्यांत कधी पॉल मॅकार्टनी असे, कधी कोणी विद्यार्थी. तो दोघांचीही थट्टा करी.

तो गेल्यावर वादकांनी त्याचे ऋण आपापल्या परीने फेडले. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला घेताना ज्याने स्वागत केले होते, त्या जेफ बेकने जून २०१० मध्ये, लेसच्या ९५ व्या जन्मदिनाच्या सुमारास, ह्याच तळघरात त्याची गाणी वाजवली. मेरीच्या जागी आयर्लंडची इमेल्डा मे गायली. जेफ बेकही २०२३ मध्ये गेला. लेसला वर्षानुवर्षे साथ करणाऱ्या लू पॅलोने २०१२ मध्ये 'थँक यू लेस' नावाची तबकडी काढली. तिच्यात कीथ रिचर्ड्स आणि स्लॅश यांच्यासारखे लोक आले.

आम्ही गेलो त्या सोमवारी असे कोणी बडे नाव नव्हते. त्याचे जुने साथीदार होते आणि पाहुणा म्हणून एक मध्यमवयीन गिटारवादक. तळघर लहान, वादकाच्या कपाळावरचा घाम दिसावा इतके. मला त्या टाळ्यांतही माहीमच्या कॅशियरचे एक वाक्य आठवत होते.

ते वाक्य असे. नव्वदीच्या सुरुवातीला त्याच्या वडिलांची स्टुडिओतून येणारी बोलावणी कमी होत गेली. त्यांच्या ऐन काळात मुंबईत चाळीस-चाळीस, साठ-साठ वादक एका दालनात बसत आणि गायकासकट सगळे गाणे एका दमात होई. एकाची चूक झाली, की साठ जणांनी पुन्हा पहिल्यापासून. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ह्या गोव्याच्या माणसांनी त्या सुरावटी बांधल्या. तबकड्यांवर त्यांची नावे क्वचित आली. मग पट्टे आले. त्यांनी सुंदर गोष्टीही दिल्या: 'इजाज़त' (१९८७) मधल्या 'कतरा कतरा'त आशाताईंचा आवाज आशाताईंच्याच आवाजावर लाटेसारखा येतो, तो पट्ट्यांविना झाला नसता. पण पट्ट्यांपाठोपाठ सिंथेसायझर आले आणि साठांतले पन्नास घरी बसले. एका संध्याकाळी टॅली होत नव्हती तेव्हा कॅशियर मला म्हणाला, "माझा बाप साठ माणसांत बसून वाजवायचा. आता एक माणूस साठ होऊन वाजवतो. लेस पॉलनेच शिकवलं ना! मी त्याला शिव्या देऊ की त्याची कॅसेट ऐकू, सांग."

मला तेव्हा उत्तर आले नव्हते. पुढे शाखेत संगणक आले. फरक शोधणे राहिले नाही, म्हणून थांबणे राहिले नाही. २००१ साली आम्ही दोघांनीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. पैसे चांगले मिळाले. तक्रारीला जागा नव्हती. तो २००६ मध्ये गेला. त्याची कॅसेट माझ्याकडे राहिली.

इरिडियममध्ये मध्यंतरानंतर पाहुण्याने एक जलद तुकडा घेतला आणि त्याचे बोट घसरले. स्पष्ट बेसूर लागला. पियानोवाल्याने वर पाहिले, हसला, आणि तोच चुकीचा सूर मुद्दाम आपल्या पियानोवर वाजवून दाखवला. बासवर असलेली बाई हसली. मग त्या चुकलेल्या सुरावरूनच तिघांनी मिळून पुढचा रस्ता काढला आणि सगळे तळघर हसत टाळ्या देऊ लागले. पुतण्या माझ्या कानाशी म्हणाला, "काका, हे आधी ठरलेलं नव्हतं!"

नव्हतेच. आणि मला वाटते, म्हणूनच तो म्हातारा पंचवीस वर्षे अशा क्लबांत येत होता. चूक पुसता येईल आणि कोणाची वाट पाहावी लागणार नाही अशी सोय जगाला ज्याने करून दिली, त्यालाच दर सोमवारी चूक पुसता येणार नाही अशा ठिकाणी, वाट पाहणाऱ्या माणसांत जाऊन बसावेसे वाटले. यंत्राचा त्याला पश्चात्ताप झाला असे मी म्हणणार नाही. आयुष्यभर तो त्याच्या अभिमानातच राहिला. त्याने दोन्ही खाती चालू ठेवली, एवढेच. आपण त्यातले एक उघडले आणि दुसरे बंद केले. तो दोष त्याचा नव्हे.

कॅशियरला हे सांगायला हवे होते. शिव्या देऊ नकोस आणि नुसती कॅसेटही ऐकू नकोस. आठवड्यातला एक दिवस चार माणसांना घरी बोलाव आणि वाजव. त्याने बोलावले असते. मी गेलो असतो की 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणालो असतो, हे मात्र खात्रीने सांगवत नाही.