पाणी जातंय कुठं?

सकाळी 7:45. गुरुजींची मारुती 800 काल संध्याकाळपासून शेडमध्ये उभी आहे. मीच तसं सांगितलं होतं. पाणी गळणारी गाडी थंड इंजिनावर तपासायची असते, आणि पाचगणीहून पसरणी घाट उतरून आलेली गाडी लगेच उघडायची सोय नसते. तक्रार साधी: "अरे, दोन दिवसांआड तांब्याभर पाणी पितीये. वाईतल्या वाईत काही नाही, पण घाट चढायला लागलं की काटा वर." रेडिएटरमध्ये हळद टाकून बघ, असं त्यांना कोणीतरी सुचवलं होतं. हळदीनं बारीक भोक चार दिवस बुजतं, हे खरं. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते, म्हणून आमच्याकडे हळद फक्त डब्यात.

रात्री इंजिनखाली पुठ्ठा अंथरला होता. त्यावर पुलीच्या बाजूला रुपयाएवढा तांबूस डाग पडलाय. तांबूस म्हणजे गंज आणि गंज म्हणजे नुसतं पाणी. कूलंट नावाची गोष्ट ह्या गाडीत बरीच वर्षं गेलेली नाही.

8:15. आधी वाईट शक्यता बाद करायची. डिपस्टिक काढली, ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघितलं. दुधाळ चहासारखा थर दिसला असता तर हेड गॅस्केट गेलं म्हणायचं, आणि मग गुरुजींच्या पेन्शनला चांगलाच धक्का. ऑइल काळं आहे, पण निव्वळ ऑइल आहे. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही, असं गुरुजीही म्हणाले होते. हेडकडे तूर्त बघायचं नाही.

रेडिएटर कॅपचं रबर मात्र कडक होऊन चिरलंय. ह्या टोपणाला लोक नुसतं झाकण समजतात, पण ते आतला दाब धरून ठेवतं. पाचगणीच्या उंचीवर उघडं पाणी 96 अंशांच्या आसपास उकळतं. 0.9 बार दाब धरणारं कॅप नीट बसलं असेल, तर तेच पाणी 115 च्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. कॅप सैल झालं की घाटात काटा वर जाणारच. म्हणजे काटा का चढतो, ह्याचं निम्मं उत्तर मिळालं. पाणी जातंय कुठं, ते अजून शोधायचंय.

8:40. कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर लावला. सायकलच्या पंपासारखा हातपंप आणि त्याला घड्याळ. दाब 0.9 पर्यंत नेला आणि बॅटरी घेऊन वाकलो. दहा मिनिटांत काटा निम्म्यावर. खालच्या होजच्या क्लिपपाशी पांढरे क्षार साचलेत, बोट फिरवलं तर ओल. बोअरच्या पाण्याची ही सही.

"सापडलं!" म्हणून हाताखालचा पोरगा पाना आणायला पळाला. बहुतेक गॅरेजमध्ये काम इथंच संपतं. होज बदलतात, गाडी धुऊन देतात आणि गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी परत येतं. होज बदलली, नवी क्लिप आवळली आणि परत दाब भरला. काटा अजून उतरतोय, फक्त सावकाश. जुन्या गाडीत गळती एकटी राहत नाही. एक बंद केली की सगळा दाब दुसरीवर येतो.

आता आरसा. दातांचे डॉक्टर वापरतात तसला, लांब दांड्याचा. टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबतोय. वॉटर पंपाच्या अंगाला मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न मुरता तिथून बाहेर यावं, म्हणून. काही जण तिथं एम-सील लावतात. मग पाणी बेअरिंग खातं आणि पंप घाटातच अडकतो.

9:30. गुरुजींना फोन. "नुसतं सील बदलून नाही भागणार?" नाही भागणार. बेअरिंगही तितकंच जुनं आहे, पुली हलवली की खडखड जाणवते. शिवाय ह्या इंजिनात पंपापर्यंत जायचं तर टायमिंग बेल्ट काढावा लागतो. एकदा काढलेला जुना बेल्ट परत बसवणं मला पटत नाही. "कर मग," म्हणाले.

11:00 ते 1:30. खोलकाम. दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जपून करायचं काम हेच. बोल्ट लोखंडाचे, अंग ॲल्युमिनियमचं. गंजलेला बोल्ट जोरानं फिरवला की आटे घेऊनच बाहेर येतो. म्हणून गंज सोडवायचा स्प्रे मारून थांबायचं. त्या वेळात दोन स्कूटर आणि एका रिक्षाची क्लच केबल उरकली. जुनं गॅस्केट खरवडायला पोरगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, तो काढून घेऊन प्लॅस्टिकची पट्टी दिली. त्या पृष्ठभागावर एक चरा उठला तरी नवं गॅस्केट गळतं.

थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत काहीच नाही! आधीच्या कुठल्यातरी मिस्त्रीनं गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकलेला. हा आमच्या धंद्यातला जुना रोग. मग इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

जेवण. भाकरी, पिठलं, दहा मिनिटं आडवं.

2:15. आतून स्वच्छ पाणी सोडलं. तांबडी माती निघावी तसं निघालं, निवळेपर्यंत सोडत राहिलो. नवा पंप, गॅस्केट, थर्मोस्टॅट. बेल्ट चढवून खुणा जुळवल्या आणि पान्यानं इंजिन हातानं दोन फेरे फिरवून परत बघितल्या. जुळल्या.

4:00. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. कूलंट सांडलं की पोरगा लगेच पुसतो. ते चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. हीटर गरमवर ठेवून, कॅप न लावता इंजिन चालू केलं. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते, तसं थोडं थोडं भरत राहायचं. रेडिएटरचा पंखा दोनदा आपोआप लागला, बंद झाला. मगच नवं कॅप लावलं.

5:15. पसरणी घाट. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाचगणीपर्यंत. काटा निम्म्याच्या खाली आला, तिथंच राहिला. परत येऊन खाली कोरडा पुठ्ठा टाकला, तो कोरडाच.

6:30. गुरुजी आले, जुना पंप हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्यांना एवढंच सांगितलं: आठवडाभर सकाळी गाडी थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे ना, ते बघा. गरम गाडीचं कॅप काहीही झालं तरी उघडू नका. आणि पातळी उतरली, तर तांब्या घेऊ नका, मला फोन करा.