मुदत म्हणजे मुदत!

आणीबाणी म्हटले की आमच्या पिढीला १९७५ साल आठवते. त्या काळात लोकसभेची मुदत दोनदा, एकेका वर्षाने वाढवण्यात आली होती. ते घटनेच्या चौकटीतच बसत होते. आणीबाणी जारी असेल तर संसदेला कायदा करून लोकसभेचे आणि विधानसभेचे आयुष्य एका वेळी वर्षभराने वाढवता येते. आता गंमत पाहा. ही सवलत आपल्या ग्रामपंचायतीला नाही, नगरपालिकेला नाही आणि महापालिकेलाही नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी त्यांना पहिल्या सभेपासून पाच वर्षे दिली आणि पुढे स्पष्ट शब्दांत बजावले, की त्याहून अधिक नाही. शिवाय ही पाच वर्षे संपण्याआधी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. दिल्लीला जी सूट, ती गल्लीला नाही!

ही कडक अट उगाच आलेली नाही. मद्रास महापालिका १९७३ साली बरखास्त झाली आणि तिथे पुन्हा निवडून आलेले नगरसेवक बसले ते थेट १९९६ साली. मधली तेवीस वर्षे त्या महानगराचा कारभार लोकांनी निवडलेल्या सभागृहावाचून चालला. तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था किती लांबू शकते, याचा याहून मोठा दाखला शोधायला नको.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला 'मुदत' या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांचा आपला कायदा १८८१ सालचा. त्यात मुदतीनंतर तीन दिवसांची सवलत आहे. पण देय तारीख सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी आली तर काय करायचे? आपल्याला वाटेल, दुसऱ्या दिवशी पैसे द्यावेत. कायदा म्हणतो, नाही. आदल्या कामाच्या दिवशी द्यायचे. अडचण समोर दिसत असेल तर काम अलीकडे ओढायचे, पलीकडे ढकलायचे नाही. स्थानिक निवडणुकांच्या कलमांतही मला हेच जुने शहाणपण दिसते.

पण संकट काही कॅलेंडर पाहून येत नाही. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक वेळेवर घेणे हे राज्य निवडणूक आयोगाचे कर्तव्य ठरवले. नैसर्गिक आपत्ती, दंगली, कायदा-सुव्यवस्था कोलमडणे अशा खरोखर असाधारण प्रसंगांचीच तेवढी वाट मोकळी ठेवली. मग २०२० साली कोरोना आला आणि ही वाट किती रुंद करायची, याची परीक्षा साऱ्या देशाला द्यावी लागली.

आंध्र प्रदेशातली गोष्ट एखाद्या कादंबरीत लिहिली असती तर वाचकांनी ती अतिरंजित म्हणून बाजूला ठेवली असती. १५ मार्च २०२० रोजी तिथल्या राज्य निवडणूक आयुक्तांनी, निम्मगड्डा रमेश कुमार यांनी, साथीचे कारण देऊन स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या. सरकारला निवडणुका हव्या होत्या. सरकारने अध्यादेश काढून आयुक्तांचा कार्यकाळच कमी केला. उच्च न्यायालयाने तो अध्यादेश रद्द केला आणि आयुक्त परत आले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी निवडणुका घ्यायचे ठरवले, तेव्हा सरकार म्हणाले, आता साथ आहे, लसीकरण आहे, आता नको! अखेर सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांच्या बाजूने कौल दिला आणि फेब्रुवारीत चार टप्प्यांत ग्रामपंचायतींचे मतदान पार पडले. साथ तीच, माणसे तीच. भूमिका मात्र अदलाबदल झालेल्या. म्हणूनच 'आत्ता निवडणूक घ्यावी का' या प्रश्नाआधी 'हे ठरवायचे कोणी' हा प्रश्न येतो. ज्याला निवडणुकीत हरायचे वा जिंकायचे आहे, त्याच्या हातात तारीख असता कामा नये.

याचा अर्थ काहीही होवो, तारीख पाळाच, असा मात्र नाही. उत्तर प्रदेशात पंचायतींची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली आणि मतदान झाले एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या ऐन तोंडावर. निवडणुकीच्या कामावर गेलेले सोळाशेहून अधिक शिक्षक आणि कर्मचारी दगावले, असे शिक्षक संघटनेने म्हटले. सरकारने सुरुवातीला आकडा सांगितला तीन! कारण नियमाप्रमाणे घरून कामावर निघाल्यापासून परत घरी पोहोचेपर्यंत झालेला मृत्यूच तेवढा धरायचा होता. करोना मात्र असा हजेरीपट पाहून माणसाला गाठत नाही. पुढे कामाच्या दिवसापासून तीस दिवसांत झालेले मृत्यू भरपाईसाठी धरले गेले. मतदान केंद्रावर मतदार दहा मिनिटे असतो. बोटाला शाई लावणारी बाई दिवसभर तिथे बसलेली असते. निवडणूक घ्यायची तर तिच्या जिवाचा हिशेब आधी मांडायला हवा, नंतर नव्हे.

तो हिशेब मांडता येतो, हे केरळने दाखवले. तिथल्या संस्थांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. जेमतेम महिनाभर प्रशासक बसले आणि डिसेंबरात तीन टप्प्यांत मतदान झाले. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत जे बाधित किंवा विलगीकरणात होते, त्यांच्यासाठी खास टपाली मतपत्रिका होत्या. संरक्षक पोशाख घातलेले कर्मचारी त्या घेऊन घरोघर गेले. तीननंतर ज्यांचा अहवाल आला, त्यांना शेवटच्या तासात, तसाच पोशाख घालून, केंद्रावर मत देता आले. यात जादू काहीच नव्हती. अडचण कोणती, ती कोणाला, आणि तिच्यावर उपाय कोणता, हे आधी बसून लिहून काढले होते, इतकेच.

आता आपल्या घरचे. महाराष्ट्रातही मार्च २०२० मध्ये निवडणुका थांबल्या, आणि त्या वेळी ते रास्तच होते. गावोगावी प्रशासक नेमायची वेळ आली तेव्हा पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने खासगी व्यक्ती नेमण्याचा घाट घातला गेला आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तरीही १५ जानेवारी २०२१ रोजी हजारो ग्रामपंचायतींचे मतदान सुरळीत पार पडले. म्हणजे साथीतसुद्धा गावांनी हे काम करून दाखवले. शहरांचे मात्र अडले ते अडलेच. नवी मुंबई आणि औरंगाबाद महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली होती. मार्च २०२२ मध्ये मुंबईची, पुण्याची संपली. तोवर साथ ओसरू लागली होती, पण कारणे ओसरली नव्हती. ओबीसी आरक्षणाचा तिढा होता; मुंबईत प्रभाग २२७चे २३६ झाले आणि पुन्हा २२७ झाले. यातले आरक्षणाचे कारण खरे आणि महत्त्वाचे होते, त्याला उडवून लावता येणार नाही. पण एका कारणाने थांबलेले काम दुसऱ्या कारणाच्या स्वाधीन झाले आणि तिसऱ्याने ते तसेच पुढे चालवले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले. त्यालाही पुढे मुदतवाढ मिळाली, आणि मुंबईत मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. त्याआधीचे २१ फेब्रुवारी २०१७चे. त्या वेळी सतरा वर्षांचा असलेला मुलगा आपल्या वॉर्डासाठी पहिले मत द्यायला गेला तो सव्विशीत.

या काळात रस्ते झाडले गेले नाहीत वा नळाला पाणी आले नाही, असे कोणी म्हणणार नाही. प्रशासकांत कर्तबगार माणसेही असतात. पण बँकेत व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा असतो. पहिल्यावर संशय असतो म्हणून नव्हे. दोन सह्या असल्या की चूक वेळीच सापडते म्हणून. प्रशासकाच्या राजवटीत आयुक्तांनी मांडलेला अर्थसंकल्प मंजूर करणारेही आयुक्तच. आणि गटार तुंबले, तर ज्याला पुढच्या खेपेस तुमच्या दारात मत मागायला यायचे आहे असा माणूसच कुठे नसतो.

पूर येतील, साथी येतील, भूकंपही येतील. निवडणूक पुढे ढकलावी लागेल. जरूर ढकलावी, पण ती ढकलणाऱ्या आदेशात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: नेमके कारण, ते कारण संपले हे ओळखायचे कसे, आणि नवी तारीख. बँक कर्जदाराला अडचणीत मुदतवाढ देते, तीसुद्धा नवी तारीख लिहूनच देते. तारीख न लिहिलेल्या मुदतवाढीला बँकेत मुदतवाढ म्हणत नाहीत. ते कर्ज बुडीत खात्याच्या वाटेला लागलेले असते.